कोडी पडली

आमच्या जयनगरच्या घरमालकांनी मला "कशा आहात?" असं कधी विचारलं नाही. जिन्यात भेटले की विचारायचे, "लेव्हल काय, अक्का?" आधी मला वाटायचं, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याबद्दल विचारतायत. मी आपली वर बघून "अर्धी आहे" म्हणून सांगायची. मग एकदा मला चार दिवस ताप होता, तेव्हा दाराबाहेर उभं राहून त्यांनी तेच विचारलं आणि मला कळलं की हा माणूस तब्येतही त्याच मापानं मोजतो. मी म्हटलं, "तळाला गेलीय, अण्णा." ते म्हणाले, "सरी. इनफ्लो येईल," आणि तासाभरानं दाराशी रस्सम ठेवून गेले.

मी त्यांच्याहून चांगली पंचवीस वर्षांनी लहान, तरी मला ते अक्का म्हणत. आम्ही नगरकडचे. ह्यांना यशवंतपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून नव्वदच्या सुमाराला बंगळुरात आलो. साठीच्या माणसानं मला थोरली बहीण करून टाकलेली पाहून पहिल्यांदा रागच आला होता. मग बघितलं तर भाजीवाला अक्का म्हणतोय, रिक्षावाला अक्का म्हणतोय. तेव्हा म्हटलं, असू दे.

अण्णांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. पण ती मराठी इतकी वर्षं कन्नडाशेजारी राहिलेली, की तिला कन्नडाचा वास लागला होता. "स्वल्प थांबा की", "तसं बेड", "सरी, मग येता अंत सांगू का?" हे सगळं त्यांना शुद्ध मराठीच वाटायचं. स्वल्प म्हणजे थोडं, बेड म्हणजे नको, सरी म्हणजे बरं, अंत म्हणजे म्हणून, हे मला हळूहळू कळलं. माझं कन्नड विचाराल तर दुकानातलं. दर पडला, टोमॅटो सडला, पोरगं पडलं, एवढ्यापुरतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. घर भाड्यानं घेताना करारावर सही करायची होती. ह्यांनी वाचायला घेतला आणि तिसऱ्या कलमावर थांबले. इंग्रजीत टाइप केलेलं होतं, त्याचा अर्थ असा, की भाडेकरूनं सहकुटुंब वर्षातून एकदा दोन दिवस मालकांबरोबर धरणावर यावं आणि तंबू उभारताना एक बाजू धरावी.

हे म्हणाले, "हे काय आहे?"

"कलम," अण्णा म्हणाले.

"ते दिसतंय. पण कशासाठी?"

"तंबूला चार बाजू असतात. मी एकटा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. घराला दोन्हीकडून उजेड होता आणि स्वयंपाकघरात ओटा होता. मी मान हलवली. सही झाली.

ते धरण म्हणजे काय, तर तुमकूर मागे टाकून आणखी तीन-चार तास आंध्रच्या हद्दीकडे जायचं. तिथला मुलूख मी तोवर पाहिला नव्हता. नगर काही फार ओलं नाही, पण हे म्हणजे वाळवंटच. नुसते खडक, बाभळी, निवडुंग, आणि लांबवर एखादं भुईमुगाचं शेत. त्यात दोन टेकड्यांच्या मधे मातीचा एक बांध घातलेला आणि बांधाच्या टोकाला कमरेएवढी दगडी भिंत. अण्णा पाटबंधाऱ्याकडे ओव्हरसियर असताना हे त्यांनी उभं राहून बांधून घेतलं होतं. त्या दगडी भिंतीवर मला बसवून म्हणाले, "ही कोडी." मी म्हटलं, "बरं." बसायला ती गार होती, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

आणि पाणी? पाणी मधोमध होतं. आपल्या गावच्या शाळेचं पटांगण असतं ना, तेवढं. कडेला भेगा पडलेला गाळ.

त्या पाण्यात अण्णांची बोट. बोट कसली, बांबूची मोठी गोल टोपली, खालून डांबर फासलेली. तिला तिकडे हरिगोल म्हणतात. एका वल्ह्यानं हाकायची आणि हात चुकला की ती जागच्या जागी गरगर फिरते. हे पहिल्यांदा बसले तेव्हा सात-आठ गिरक्या झाल्यावर शांतपणे म्हणाले, "अण्णा, पीठ बारीक हवं की जाडसर?" अण्णा हसले नाहीत. ते गळ सोडून बसले होते.

हो, मासे पण धरायचे. अंड्याची पिशवी घेऊन जिन्यातून गेलं तरी तोंड फिरवणारा हा माणूस. कणकेची गोळी लावून तासन्‌तास बसायचे. मासा लागला की ओल्या फडक्यात धरून लाकडी पट्टीवर मोजायचे, मग चिमट्यानं त्याचं एक खवलं काढायचे, पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग असतं त्यातून बघायचे आणि मासा परत पाण्यात. मी म्हटलं, "त्याला उगीच त्रास कशाला?"

"खवल्यावर वर्षं असतात, अक्का. झाडाला असतात तशी. हा बघा, तीन उन्हाळे काढलेला आहे. म्हणजे तीन उन्हाळे इथलं पाणी पुरतं आटलं नाही. कागदावर कुणी काहीही लिहील. मासा कसा लिहील?"

गावातली माणसं काठावर उकिडवी बसून हे बघत आणि आपसात हसत. त्यांच्यात एक म्हातारी मात्र हसत नसे.

ती बांधावर बसायची. काळी, उंच, लुगडं गुडघ्याच्या खाली जेमतेम. आम्ही बसमधून उतरून सामान घेऊन पोचलो की ती हमखास तिथं असायची आणि अण्णांना एकच विचारायची, "बंतेनप्पा?" आलं का रे बाबा? अण्णा पिशवी खाली ठेवून सांगायचे, "बरत्तम्मा." येईल गं आई. बस्स. मग ती उठून जायची. दर वर्षी हेच. ह्यांना आणि मला ती गंमत वाटायची, देवाचं दर्शन घेतल्यासारखं ही दोघं एकमेकांना असं काय विचारतात म्हणून.

तिसऱ्या वर्षी मी विचारलं. अण्णा तंबूच्या दोऱ्या ताणत होते. म्हणाले, पाणी आहे तिथं पूर्वी बारा-तेरा घरांची वाडी होती. धरणासाठी ती उठवून वर माळावर नेली. सगळी घरं तयार झाली, पण ही बाई हलेना. हिचा मळा तिथं, विहीर तिथं, नवरा तिथंच पुरलेला. ती हलेना म्हणून बाकीची पण थांबली. मग एक दिवस अण्णा तिच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि तिला समजावलं, की तीन वर्षांत धरण भरेल, कोडीवरून पाणी जाईल, खाली कालव्यानं प्रत्येकाच्या शेतात पोचेल. तेव्हा ती उठली.

"आणि मग?"

"मग काय. भरलं नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही." मग खुंटी ठोकत म्हणाले, "मी तिला एकदा म्हटलं, टोपलीत बस, तुझ्या मळ्यावरून फिरवून आणतो. ती म्हणाली, पाणी येऊ दे, मग बसेन. ती एकदा त्यात बसली, की मी सुटलो."

त्यानंतर मला ती सगळी सहल वेगळी दिसायला लागली. कलम, तंबू, भिंग, सगळंच. हा माणूस मजेसाठी येत नव्हता. त्याला एकट्यानं त्या बाईसमोर जायची हिंमत नव्हती, म्हणून दर वर्षी भाडेकरू घेऊन येत होता.

आमचं सहावं वर्ष होतं. त्या वर्षी पाऊस थांबायचं नावच घेईना. दसरा झाला तरी जयनगरच्या रस्त्यांवरून पाणी वाहत होतं. अण्णा रोज पेपरातले पावसाचे आकडे कात्रीनं कापून ठेवायचे. मधे त्यांच्या छातीत दुखलं होतं, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती. ती ते शर्टाच्या खिशात कात्रणांबरोबरच ठेवायचे.

एका सकाळी ते दूध आणायला गेले होते आणि त्यांचा फोन वाजला. घर उघडं असलं की मीच खाली जाऊन फोन घ्यायची. धरणाचा नीरगंटी होता, म्हणजे तिथली दारं उघडणारा माणूस. तो तालुक्याच्या बूथवरून ओरडत होता, लाइनीत खरखर, मागे पाऊस. मला एवढंच नीट ऐकू आलं: "कोडी बिद्दिदे. सारना बेग बन्नी अंत हेळि."

आता बघा. बिद्दिदे म्हणजे पडलं, हे मला पक्कं ठाऊक. दर पडला की बिद्दिदे, पोरगं पडलं की बिद्दिदे. कोडी म्हणजे ती दगडी भिंत, मी तिच्यावर बसलेली. लवकर या म्हणून सांगा, हेही कळलं. माणूस तर रडल्यासारखा ओरडत होता. मी "अय्यो" म्हटलं आणि फोन कट झाला.

अण्णा दूध घेऊन आले. मी फाटकातच गाठलं. खरं म्हणजे ते दोन शब्द मी होते तसे सांगितले असते तरी पुरलं असतं. पण मला वाटलं, घाबरलेल्या माणसाला आपल्या भाषेत सांगावं. मी म्हटलं, "अण्णा, धरणाची भिंत पडली म्हणतायत. लगेच बोलावलंय."

त्यांनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. "कुठली भिंत?"

"ती शेवटची. दगडाची."

"कुणी गेलं?"

"ते नाही सांगितलं."

ते फोनपाशी गेले. बूथचा नंबर फिरवला, परत फिरवला. लागेना. मग आत जाऊन कोट घालून आले. एकट्यानं निघाले होते. मी ह्यांच्यासाठी शेजारी निरोप ठेवला, पायात चपला घातल्या आणि त्यांच्यामागून निघाले. "तुम्ही बेड, अक्का," म्हणाले. मी म्हटलं, "कलम तीन." त्यांनी फाटक माझ्यासाठी उघडं धरलं.

मॅजेस्टिकच्या स्टँडवर बस मिळाली. तुमकूरपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत बसले. सगळीकडे ओढे वाहत होते, शेतांत पाणी. तुमकूरच्या स्टँडवर मी चहा आणला, तो त्यांनी हातात धरून गार केला. मग बस सुटल्यावर, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "भिंतीचं काही नाही. ती दगडाची आहे. दगड पडतात. मी त्या बाईला खोटं सांगितलं होतं."

मला वाटलं, मन बिथरलंय. मी म्हटलं, "असं कसं. पाऊसच झाला नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

"मला माहीत होतं." ते सावकाश बोलत होते, मधे श्वास घेत. "तालुक्याच्या शाळेत पावसाची वही होती. चाळीस वर्षांची. मी बसून हिशेब मांडला होता. वीस वर्षांतून एकदा भरेल, असं आलं होतं. कट्ट्यावर बसलो तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता. तिनं विचारलं, किती वर्षं? मी म्हटलं, मूरु. तीन."

"साहेबांनी सांगायला लावलं असेल."

"कुणी नाही लावलं. पावसाच्या आत पाया घ्यायचा होता मला. एवढंच." मग म्हणाले, "आज ती भिंत कुणाच्या अंगावर पडली असेल, तर तीन नाही आणि वीस नाही, कसलाच हिशेब उरला नाही."

गोळी खिशात आहे का बघितलं. एवढंच माझ्या हातात होतं.

फाट्यावर उतरून दीड-दोन मैल चालायचं. लांबूनच घोंघावल्यासारखा आवाज यायला लागला. अण्णा थांबले. असा आवाज तिथं कधी नव्हता. त्यांचा चेहरा बघून मी त्यांचा दंड धरला. आणि मग त्या आवाजातूनच दुसरा आवाज आला, हलगीसारखी वाद्यं असतात तिकडची, त्यांचा. कुणी मेलं की पण ती वाजतात. आम्ही तसेच चालत राहिलो.

वळणावर नीरगंटी समोरून धावत आला. पागोटं हातात, अंगावर गुलाल. "कोडी बिद्दिदे, सार्. कोडी बिद्दिदे."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "अक्का, फोनवर हेच म्हणाला होता?"

"हेच. अगदी हेच शब्द."

ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. धरण भरून पाणी भिंतीवरून वाहायला लागलं, की कन्नडात म्हणतात, कोडी पडली. ते मला कुठून माहीत असणार? इतक्या वर्षांत त्या धरणात तो शब्द वापरायची वेळच आली नव्हती.

"सरी," अण्णा म्हणाले. "तुमचं कन्नड बरोबर होतं. मराठी चुकलं."

धरण मी ओळखलं नाही. दोन टेकड्यांच्या मधे सगळं पाणी, लालसर, हलणारं, आणि ज्या भिंतीवर मी बसायचे तिच्यावरून ते पांढरं होऊन खाली पडत होतं. सगळा गाव तिथं. सवाष्णी सुपात बांगड्या, कुंकू, फणी, नारळ घालून आणत होत्या आणि पाण्यात सोडत होत्या. आपण ओटी भरतो तसंच. तिकडे त्याला बागिन म्हणतात. माझ्याही हातात कुणीतरी सूप दिलं. मी सोडलं. ते दोन वेळा फिरलं आणि भिंतीवरून खाली गेलं.

म्हातारी विधवा, त्यामुळं ती त्यात नव्हती. ती लांब, टोपलीपाशी उभी होती. अण्णा जवळ गेले तेव्हा तिनं नेहमीचं काही विचारलं नाही. लुगडं सावरून टोपलीत जाऊन बसली आणि म्हणाली, "नडियप्पा." चल रे बाबा. तोल राहायला तिसरं माणूस लागतं म्हणून मी बसले.

अण्णांनी एकही गिरकी येऊ दिली नाही. म्हातारी पाण्यात बघत होती. खाली काही दिसत नव्हतं, नुसता गढूळ रंग. तरी ती बोट दाखवत होती. इथं चिंच. इथं विहीर. थोडं पुढं, तिकडं घे रे. इथं चूल. एका जागी तिनं पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. ती जागा कसली होती ते तिनं सांगितलं नाही. मी ओळखलं.

मला वाटलं, झालं. सुटला हा माणूस. आणि तेवढ्यात अण्णांनी वल्हं उचलून मांडीवर घेतलं आणि बोलायला लागले. कन्नडातच, पण इतके साधे शब्द की मलाही कळले. मी तीन म्हटलं होतं. मला वीस माहीत होतं. कागद खिशात होता.

मी त्यांच्याकडे बघून मान हलवत होते, नको म्हणून. त्यांनी बघितलं नाही.

म्हातारीनं पाण्यातला हात काढून लुगड्याला पुसला. टोपली वाऱ्यानं हळूहळू फिरत होती, कुणी ती थांबवली नाही. मग ती म्हणाली, "दडक्के बिडी." काठाला सोडा. त्यांनी सोडलं. ती उतरली, मागं न बघता बांध चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा टोपलीची दोरी गुंडाळत होते तेव्हा मला राहवलं नाही. नीरगंटीनं रात्री आम्हाला घरी नेऊन जेवू घातलं होतं, सगळे अण्णांचे पाय धरत होते, आणि ते घास चिवडत बसलेले. मी म्हटलं, "कशाला सांगितलंत? इतकी वर्षं वाट बघितली. बसली होती ना ती?"

"तुम्हाला बसमधे सांगून झालं होतं," ते म्हणाले. "तुमच्यापुरतं खरं आणि तिच्यापुरतं खोटं, असं कसं ठेवायचं, अक्का?"

म्हणजे माझ्यामुळंच. मी ते दोन शब्द नीट सांगितले असते, तर हा माणूस आनंदानं बसमधे बसला असता, काही बोलला नसता आणि ती म्हातारी टोपलीतून हसत उतरली असती. हे मी त्यांना म्हटलंसुद्धा. ते दोरी गुंडाळत राहिले.

"ती रागावली का?" मी विचारलं. "काही बोलली नाही म्हणून विचारते."

"बोलली की. ऐकलंत ना? बिडी म्हणाली."

"काठाला सोडा म्हणाली. मग?"

"बिडु नाही म्हणाली. सोड नाही. सोडा." त्यांनी दोरी टोपलीत ठेवली. "पहिल्या दिवसापासून मला अरे-तुरे करत होती. माझ्या आईनंतर ती एकटीच."

त्यानंतर आम्ही त्या घरात आणखी तीन वर्षं होतो. दर वर्षी गेलो. पाणी पुन्हा ओसरत ओसरत मधोमध आलं. खालच्या शेतांतून एक-दोन हंगाम नाचणी चांगली उभी राहिली, मग परत भुईमूग. अण्णांनी गळ बरोबर आणणं बंद केलं होतं. नुसते बसायचे. म्हातारी बांधावर यायची थांबली, पण तिचा रस्ता तिथूनच जायचा.

आमच्या शेवटच्या खेपेला ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. थांबली. "यावाग बंद्री?" म्हणाली. कधी आलात?

अण्णा बांधावर पाय सोडून बसलेले होते. गुडघे धरून उठले, टोपी काढून हातात घेतली. "आत्ताच आलो, अम्मा," त्यांनी कन्नडात सांगितलं.

तिनं मान हलवली आणि गेली. ती वळणाआड होईपर्यंत ते उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही.